पाण्याखालची मिनिटं मोजा

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा तक्ता चार वेळा. इतर वाचकांसाठी पत्राचा मजकूर थोडक्यात सांगते. या मैत्रिणीने आणि तिच्या धाकट्या भावाने दोन वर्षं नेमाने पैसे बाजूला टाकलेत. दोघांकडे ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र आहे, प्रत्येकी चौदा डाइव्ह झाल्यात आणि शेवटची डाइव्ह आठ महिन्यांपूर्वीची आहे. मे ते सप्टेंबरच्या दरम्यान कधीही १७ दिवसांची सुट्टी मिळू शकते. तेवढ्यात थायलंडचं कोह ताओ, फिलिपिन्समधलं मोआलबोआल, मलेशियाचं सिपादान, बालीतलं तुलांबेन आणि शेवटी मांटा रे हे मोठे मासे बघायला इंडोनेशियातलंच कोमोडो, अशी पाच ठिकाणं करायची आहेत. पैसे एक तृतीयांशाने कमी पडताहेत. तुम्ही विचारता, कात्री कुठे लावू? विमा नाही काढला तर चालेल का? डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे अजून किती मिनिटं खाली थांबता येईल ते सांगणारं मनगटी यंत्र, प्रत्येक ठिकाणी भाड्याने घेतला तर? आणि विमानाच्या आधीचा, डाइव्ह न करता काढायचा कोरडा दिवस फुकट जायला नको म्हणून त्या दिवशी बालीतला बातूर पर्वत चढला तर?

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. विमा राहू द्या, कॉम्प्युटर राहू द्या. यादीतली चार ठिकाणं काढा आणि जे एक उरेल त्याच्या आजूबाजूला बोटीने आणि रस्त्याने फिरा. बातूर पहिल्या डाइव्हच्या आधी चढा, नाहीतर या खेपेला सोडून द्या.

चार ठिकाणं काढा हे वाचून वाईट वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. त्या यादीमागे दोन वर्षांची स्वप्नं आहेत. पण तुमच्या तक्त्यात एक रकाना राहून गेलाय, आणि तुमचा एक तृतीयांश नेमका तिथून गळतोय. प्रत्येक ठिकाणासमोर तुम्ही राहण्याचा, डायव्हिंगचा आणि तिकिटाचा खर्च लिहिला आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना किती दिवस पाण्याबाहेर जातात, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आपण ते मांडून बघू. डायव्हिंग करताना दाबाखाली श्वास घेतल्यामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. तो पुरेसा बाहेर पडायच्या आत विमानात बसलात, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात तो हाच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा आहे की एकच साधी डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास थांबावं, आणि रोज अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास. तुम्ही दुसऱ्या गटात मोडता. मी स्वतः २४ तास धरते आणि तुम्हालाही तेच सांगेन, कारण १८ हा कमीत कमी आकडा आहे आणि सलग आठवडाभर पाण्यात असलेल्या माणसाने कमीत कमीच्या कडेवर उभं राहू नये.

आता तुमचे १७ दिवस. एक जायचा, एक यायचा. शेवटचं विमान तुम्ही सकाळी सातचं धरलंय, म्हणजे आदला दिवस पूर्ण कोरडा. मधल्या चार उड्यांचे प्रत्येकी एक दिवस, आणि कोह ताओहून मोआलबोआलला जायला बोट, रस्ता, दोन विमानं आणि पुन्हा रस्ता असे मिळून दोन. म्हणजे आठ दिवस गेले, उरले नऊ. रोजच्या दोन धरल्या तर अठरा डाइव्ह, त्याही एकही बोट न चुकता आणि एकही सर्दी न होता. त्या अठरांसाठी पाच वेळा सामानाचं वजन, पाच नवी डाइव्ह सेंटर आणि पाच वेळा पहिल्या दिवशीची ती ओळखपाळखीची उथळ डाइव्ह. सिपादानचा तर वेगळाच पेच आहे. तिथे रोज ठरावीक संख्येनेच परवाने मिळतात, ते फार आधी घ्यावे लागतात, आणि बऱ्याचदा आसपासच्या बेटांवर काही रात्री राहिल्यावर एखाद्या दिवसाचा परवाना वाट्याला येतो. दोन दिवसांच्या धावत्या भेटीत ते बसणार नाही.

तुमच्या यादीतून मी तुलांबेन ठेवेन. मे ते सप्टेंबर हा बालीचा कोरडा ऋतू, तेव्हा समुद्र साथ देतो. दुसरं कारण, तिथली सगळ्यात मोठी गोष्ट बघायला बोट लागत नाही. बोटीचं इंधन, चालक, खलाशी हे सगळं डाइव्हच्या किमतीत चढतं, त्यामुळे किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येणारी जागा खिशाला नेहमीच हलकी. आणि तिसरं कारण असं की तिथून पुढे लोंबोकजवळची गिली बेटं आणि बालीजवळचं नुसा पेनिडा बेट या दोन्ही ठिकाणी बोटीने जाता येतं. मध्ये विमान नाही, म्हणून २४ तासांची सक्ती नाही. कोमोडोचे मांटाही हातचे जात नाहीत. नुसा पेनिडाच्या दक्षिण किनाऱ्याला मांटा पॉइंट आहे, तिथे ते वर्षभर येतात आणि बरेचदा इतक्या उथळ पाण्यात की तुमच्या प्रमाणपत्राच्या १८ मीटरच्या मर्यादेला धक्काही लागत नाही.

तुलांबेनबद्दल जरा रेंगाळते, कारण पैशांच्या हिशोबात ही जागा मला फार शिकवून गेली. तिथला किनारा वाळूचा नाही, काळ्या गोल दगडांचा आहे. लाट मागे जाते तेव्हा ते दगड एकमेकांवर घासत खडखडतात, तो आवाज पाण्यात डोकं घातल्यावरही काही क्षण येत राहतो. गावातल्या बायका टाक्या डोक्यावर घेऊन त्याच दगडांवरून झपाझप जातात आणि आपण रिकाम्या हाताने तोल सावरत मागून जातो. लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालं, ओढून आणून या किनाऱ्याला लावलं गेलं, आणि १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यापासून काही मिनिटांच्या पोहण्यावर आहे. त्याचा वरचा भाग साधारण ५ मीटरवर आणि खालचा ३० मीटरच्या आसपास. पहाटे उजाडता उजाडता उतरलात तर मोठ्या टेंगळ्या कपाळाचे पॅरटफिश कळपाने जहाजाभोवती भेटतात. दिवस वर आला, इतर डायव्हर आले, की ते निघून जातात. या पहाटेच्या डाइव्हला दुपारच्या डाइव्हइतकेच पैसे पडतात.

याच जहाजावर मी पहिल्यांदा मिनिटांचा हिशोब केला, तो तुम्हालाही करून दाखवते. ११ लिटरच्या नेहमीच्या टाकीत २०० बार दाबाने साधारण २२०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवून वापरायला १६५० उरतात. नव्या डायव्हरला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असं धरू. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे मिनिटाला ५६ लिटर आणि टाकी २९ मिनिटांत संपली. ८ मीटरवर १.८ पट, ३६ लिटर, आणि तीच टाकी ४५ मिनिटं पुरली. उतरण्या-चढण्याचा वेळ यात धरलेला नाही, पण फरक कळायला एवढं पुरे. पैसे टाकीचे दिलेत, खोलीचे नाहीत. प्रवाळ, रंग, लहान मासे हे सगळं तसंही वरच्या पंधरा मीटरमध्येच जास्त असतं, कारण प्रकाश तिथे असतो. तेव्हा खाली काही खास बघायचं असेल तर जरूर जा, नाहीतर उथळ राहा आणि दीडपट वेळ पाण्यात घालवा.

तुम्ही लिहिलंय की भावाची हवा तुमच्या आधी संपते आणि दोघांना वर यावं लागतं. त्याला रागावू नका, दमही देऊ नका. अपराधी वाटलं की माणूस आणखी जोराने श्वास घेतो. बहुतेक वेळा कारण असतं जास्तीचं वजन. पट्ट्यात दोन किलो शिसं जास्त असलं की बुडू नये म्हणून बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटात, जास्त हवा भरावी लागते, शरीर पाण्यात तिरकं होतं, पाय खाली लोंबतात आणि प्रत्येक फुटासाठी ढकलावं लागतं. पहिल्या दिवशी डाइव्हमास्टरला, म्हणजे पाण्यात गटाला नेणाऱ्या वाटाड्याला, सांगून वजनाची तपासणी करून घ्या. अंगावर सगळी साधनं, टाकीत ५० बार हवा, बीसीडी रिकामी आणि छातीत नेहमीचा श्वास धरलेला, अशा वेळी पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं तर वजन बरोबर. टाकी भरलेली असताना ही तपासणी केलीत तर दोन किलो वर धरा, कारण ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत जाते तशी तरंगायला लागते. एवढ्या एका गोष्टीने प्रत्येक डाइव्हला पाच-दहा मिनिटं वाढलेली मी पाहिली आहेत, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आता माझी आखणी. पहिला दिवस पोचण्याचा. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत तुलांबेन आणि शेजारचं आमेद, त्यात मधला एक दिवस मुद्दाम विश्रांतीचा. आठवा दिवस बोटीने गिलीला जाण्यात, तिथे तीन दिवस डायव्हिंग. बाराव्या दिवशी बोटीने पेनिडाशेजारचं नुसा लेम्बोंगान बेट, आणि तिथून चार दिवस पेनिडाच्या आसपासच्या डाइव्ह. सतराव्या दिवशी बालीतल्या सानूरला बोट आणि रात्रीचं विमान. पाण्यातले बारा दिवस झाले, रोजच्या दोन म्हणजे चोवीस डाइव्ह, आणि तुलांबेनला अंगात बळ असेल त्या दिवशी तिसरीही करता येईल. अठरांच्या जागी चोवीस, आणि मधली सगळी विमानं वाचली.

रात्रीच्या विमानावर बोट ठेवते, कारण तिकीट काढताना हे सहज निसटतं. सकाळी सातचं विमान असेल तर २४ तासांच्या हिशोबाने आदल्या दिवशी सकाळी सातनंतर पाण्यात असता येत नाही, म्हणजे तो दिवस गेला. तेच विमान रात्री नऊचं असेल तर आदल्या दिवशीच्या सकाळच्या दोन्ही डाइव्ह निवांत करून, दुपारी वर येऊन तीस-बत्तीस तास हाताशी राहतात. सकाळचं तिकीट थोडं स्वस्त दिसलं तरी त्यात एक पूर्ण दिवस आणि एक रात्रीची खोली दडलेली असते, ती मिळवून मगच तुलना करा.

क्रमही मी विचार करून लावलाय. आठ महिन्यांच्या खंडानंतर पहिली डाइव्ह उजळणीची असायला हवी. एखाद्या प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यात मास्क भरून रिकामा करणं, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं साधन) काढून पुन्हा तोंडात घेणं, जोडीदाराला हवा देणं हे सगळं एकदा करून घ्या. त्यानंतर तुलांबेनलाच दोघांनी ॲडव्हान्स्ड हा पुढच्या पायरीचा कोर्स करावा असं मला मनापासून वाटतं. तुम्ही तो 'परवडणार नाही' म्हणून खोडलाय. पण त्यात पाच डाइव्ह असतात, खोल आणि दिशाशोधन या दोन ठरलेल्या आणि तीन निवडीच्या, आणि या पाचही डाइव्ह तुम्ही तशाही करणारच होतात. त्या पाचांची किंमत कोर्सच्या किमतीतून वजा करा, मग उरतं ते खरं जास्तीचं. बदल्यात ३० मीटरपर्यंतची परवानगी मिळते आणि त्याहून मोलाचं म्हणजे पाच डाइव्ह एक जाणता माणूस फक्त तुमच्या दोघांकडे बघत असतो.

गिलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सोपं पाणी, भरपूर कासवं. पेनिडा मात्र शेवटी ठेवलंय ते तिथल्या ओढीमुळे. बाली आणि लोंबोकमधून मोठा प्रवाह वाहतो आणि पेनिडाच्या काही जागी तो अचानक दिशा बदलतो, कधी खालीही खेचतो. तुमच्या चौदा डाइव्हच्या जोरावर मी तुम्हाला तिथे पहिल्या आठवड्यात पाठवलं नसतं. कोमोडोला याच कारणाने मी आत्ता नको म्हणते. तिथल्या प्रसिद्ध जागा प्रवाहासाठीच प्रसिद्ध आहेत. गिलीहून निघाल तेव्हा तीसच्या आतबाहेर डाइव्ह झालेल्या असतील, शरीर पाण्याला सरावलेलं असेल. तरीही तिथल्या केंद्राला तुमचा अनुभव जसा आहे तसा सांगा, आणि 'आज ही जागा नको' असं डाइव्हमास्टर म्हणाला तर वाद घालू नका. पाणीही गार असतं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये खोलातलं पाणी वर येतं, तेव्हा मोला हे मोठे, थाळीसारखे मासे दिसण्याची शक्यता वाढते आणि तापमान कधी कधी २० अंशांच्याही खाली जातं. मोलासाठी जीव तुटत नसेल तर मेअखेर किंवा जूनची सुरुवात धरा. जुलै-ऑगस्टच्या गर्दीत खोल्या महागतात आणि बोटी भरतात.

बातूरबद्दल. विमानातली केबिन साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तेवढ्या दाबाला ठेवलेली असते. बातूरचा माथा १७१७ मीटरवर आहे. म्हणजे विमान टाळायचं म्हणून जो दिवस राखला, त्याच दिवशी पायी चढून जवळजवळ विमानातच बसायचं, तेही दमून आणि घामाने पाणी गमावून. गिलीहून लोंबोकवरच्या रिंजानी पर्वताला जाणारे लोक भेटतील, तो तर ३७२६ मीटर. बरोबर कुणी कितीही आग्रह केला तरी डाइव्ह आणि डोंगर यांच्यात विमानाइतकंच अंतर ठेवा. गाडीने जातानाही हे लक्षात असू द्या. तुलांबेनहून किंतामानीच्या घाटाने जाणारा रस्ता १५०० मीटरच्या आसपास चढतो, म्हणून ड्रायव्हरला किनाऱ्याचाच रस्ता धरायला सांगा.

आता कॉम्प्युटर. भाड्याचा कॉम्प्युटर वाईट नसतो, पण त्याला तुमचा काल माहीत नसतो. काल तुम्ही तीन डाइव्ह केल्यात आणि आज नव्या ठिकाणी दुसरा कॉम्प्युटर मनगटावर बांधला, तर तो तुम्हाला पूर्ण कोरडं शरीर समजून वेळ देईल. प्रत्यक्षात कालचा नायट्रोजन अजून शिल्लक असतो. अनेक थांब्यांच्या सफरीत म्हणूनच तो स्वतःचा हवा, आणि दोघांना दोन हवेत, कारण दोघं कधीच अगदी एका खोलीवर नसता. बारा दिवसांचं भाडं गुणून बघा आणि सगळ्यात साध्या कॉम्प्युटरच्या किमतीशेजारी मांडा. वापरलेला घेतलात तरी हरकत नाही, बॅटरी मात्र निघण्याआधी बदला. स्वतःचा मास्क घ्या, कारण चेहऱ्याला न बसणारा मास्क डाइव्हची डाइव्ह खातो. पृष्ठभागावर खूण म्हणून फुगवायची नळी घ्या, पेनिडाला ती लागेलच. बीसीडी, रेग्युलेटर, वेटसूट तिथे भाड्याने मिळतात, ते विकत घ्यायची ही वेळ नाही. पूर्ण संच वाहून नेलात तर सामानाचं वजन वाढतं आणि त्याचेही पैसे जातात.

विम्याबद्दल मी काही ऐकून घेणार नाही. डीकम्प्रेशन सिकनेसवरचा उपचार म्हणजे दाबकक्षात झोपवून शुद्ध ऑक्सिजन देणं, आणि त्याचं सर्वाधिक वापरलं जाणारं एक सत्र पावणेपाच तासांचं असतं. कधी एकाने भागतं, कधी अनेक लागतात. बेटावर असाल तर आधी तिथून हलवण्याचा खर्च. तुमची दोन वर्षांची बचत त्यात एका दुपारी संपेल, आणि त्यानंतर कर्ज. साध्या प्रवासविम्यावर विसंबू नका, त्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात किंवा खोलीची मर्यादा असू शकते. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: किती मीटरपर्यंत, दाबकक्षाचा उपचार आहे का, हलवण्याचा खर्च आहे का. ॲडव्हान्स्ड करणार असाल तर ती मर्यादा ३० मीटरच्या आत नको.

डाइव्ह सेंटरला लिहिताना फक्त 'एका डाइव्हचे किती' एवढंच विचारू नका. त्या आकड्यात साधनांचं भाडं आहे का, सागरी उद्यानाचं शुल्क आहे का, बोटीचं इंधन वेगळं लागतं का, एका डाइव्हमास्टरमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन असतो का, हे विचारा. चारहून जास्त जण असतील तर मी दुसरीकडे जाते. गटात ज्याची हवा आधी संपते त्याच्याबरोबर बरेचदा सगळ्यांना वर यावं लागतं, म्हणजे आठ जणांच्या गटातली स्वस्त डाइव्ह पस्तीस मिनिटांची आणि चौघांच्या गटातली थोडी महाग डाइव्ह पन्नास मिनिटांची. भागून बघितलंत तर महाग वाटणारी स्वस्त निघते. उत्तर किती दिवसांनी आणि किती नीट येतं, त्यावरूनही केंद्राबद्दल बरंच कळतं.

दहा डाइव्ह एकदम घेतल्या तर बहुतेक ठिकाणी सवलत मिळते. ती तुलांबेनला जरूर मागा, तिथे तुम्ही सगळ्यात जास्त दिवस आहात. पण घरून निघताना तिन्ही ठिकाणचे पैसे आगाऊ भरू नका. माझ्या एका सफरीत मी तिसऱ्या थांब्याच्या आठ डाइव्हचे पैसे दोन महिने आधी भरले होते, परत न मिळण्याच्या अटीवर, कारण त्यात थोडी सूट होती. दुसऱ्या थांब्यावर सर्दी झाली. तरी मी डाइव्ह केली, सहा मीटरवर कान दुखला, तशीच रेटून खाली गेले आणि वर आले तेव्हा कानात पाणी भरल्यासारखं झालं होतं, ते पुढे दहा दिवस गेलं नाही. तिसऱ्या ठिकाणी मी चार दिवस धक्क्यावर बसून रोज सकाळी बोट सुटताना बघितली. सर्दीत पाण्यात उतरायचं नाही, हे मला तोंडपाठ होतं. पैसे भरलेले नसते तर मी ते पाळलं असतं. म्हणून मी मधला विश्रांतीचा दिवस आखणीत घातलाय आणि तो सोडू नका. कान दुखायला लागायच्या आधीपासून, प्रत्येक मीटरला हळुवार इक्वलाइज करा, म्हणजे कानातला दाब पाण्याच्या दाबाशी जुळवून घ्या, आणि डाइव्ह संपल्यावर कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा. लागोपाठच्या डाइव्हमध्ये कानाच्या नळीला होणारा संसर्ग हे दिवस बुडण्याचं फार साधं कारण आहे.

कोह ताओ, मोआलबोआल, सिपादान कुठे पळून जात नाहीत. पुढच्या वेळी फिलिपिन्सचा विचार कराल तेव्हाही हीच पद्धत वापरा. मोआलबोआलला किनाऱ्याजवळच सार्डिनचे प्रचंड थवे दिसतात, तिथून बसने आणि छोट्या फेरीने दाउइनला जाता येतं, समोर आपो बेट आहे, जिथे १९८२ मध्ये गावकऱ्यांनी सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या मार्गदर्शनाखाली मासेमारीबंदीचा पट्टा राखला आणि आज तिथलं प्रवाळ बघून त्याचं मोल कळतं. परत सेबूला, म्हणजे मोआलबोआलच्याच बेटावर, येऊन उत्तर टोकाला मालापास्कुआ, पहाटेचे थ्रेशर शार्क. तीन-चार ठिकाणं, मध्ये एकही विमान नाही. डिसेंबर ते मेमध्ये सुट्टी मिळाली तर त्याचा तक्ता मला पाठवा.

शेवटचा प्रश्न कॅमेऱ्याचा. पाण्याखालचा कॅमेरा घ्यायचे पैसे भाऊ स्वतःच्या खिशातून घालायला तयार आहे असं लिहिलंत. त्याला सांगा, ते पैसे ॲडव्हान्स्डला लाव. चौदा डाइव्हच्या माणसाच्या हातात कॅमेरा आला की त्याचं लक्ष तोलावरून, हवेच्या काट्यावरून आणि तुमच्यावरून उडतं, आणि गुडघे प्रवाळावर टेकतात. दोघांत एक वही ठेवा. वर आल्यावर, अंग पुसायच्या आधी, खोली, मिनिटं, उरलेली हवा, किती वजन लावलं होतं आणि काय दिसलं ते लिहा. चोवीस पानांनंतर भावाची हवा कशी सुधारत गेली ते आकड्यांत दिसेल.

सोळाव्या दिवशी दुपारी वर आलात की लगेच वेटसूटच्या आत घालायचे कपडे, मास्क, कॉम्प्युटर, नळी सगळं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि संध्याकाळच्या आत वाळत टाका. ओल्या कापडाचं वजन विमानतळावर सामान देताना मोजलं जातं. पायातले बूट सगळ्यांत उशिरा वाळतात, ते उलटे करून आधी उन्हात ठेवा.